रिक्षाचा क्लच पुन्हा पुन्हा घसरतो: प्लेटा बदलण्याआधी काय तपासायचं

चढ लागला की रेस वाढते, इंजिन ओरडायला लागतं, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही. तीन सवाऱ्या आणि मागे दोन पोती असली तर चौथा गिअर सोडाच, तिसराही ओढत नाही, दुसऱ्यावर यावं लागतं. सपाटीवर रिकामी पळवताना मात्र सगळं ठीक वाटतं. क्लच घसरायला लागल्याची ही पहिली खूण. नेमकं इथेच ‘पिकअप गेला’ म्हणून कार्बोरेटर उघडला जातो आणि पैसे भलतीकडे जातात.

पुढच्या खुणा अशा: चढ संपल्यावर इंजिनाकडून करपट वास येतो. अ‍ॅव्हरेज पडतं, कारण पेट्रोल किंवा गॅस जळतो पण ताकद चाकापर्यंत पोचत नाही. ऑइल नेहमीपेक्षा लवकर काळं पडतं. उतारावर रेस सोडली तरी इंजिन गाडीला पूर्वीसारखं धरून ठेवत नाही. ही शेवटची खूण सगळ्यात धोक्याची आहे. घाट उतरताना बराच भार इंजिनावर असतो. क्लच घसरू लागला की तो सगळा ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात.

हा लेख मागे इंजिन असलेल्या पेट्रोल, सीएनजी आणि एलपीजी रिक्षांसाठी आहे, तसंच त्याच बांध्याच्या छोट्या माल-टेम्पोंसाठी. यांचा क्लच डाव्या हाताने, केबलवर चालतो आणि त्याच्या पाच-सहा पातळ प्लेटा तेलात बुडालेल्या असतात. शेतातली चाकोरी, जांभ्याचे चढ, खडीचे कच्चे रस्ते यांवर चालणाऱ्या गाड्यांना हा त्रास शहरातल्यांपेक्षा जास्त होतो. काही मोठ्या मालगाड्यांना एकच कोरडी प्लेट असते. तिथलं गणित वेगळं, त्या प्लेटेला तेलाचा थेंबही चालत नाही. त्यांनी यातला ऑइलचा भाग सोडून द्यावा.

आधी क्लचच आहे ना, ते ठरवा

रेस वाढते आणि गाडी वेग घेत नाही, तेव्हा क्लचवर संशय घ्यायचा. रेस दिली तरी इंजिनाचा आवाजच वाढत नसेल, इंजिन घुसमटत असेल, तर क्लचला हात लावू नका. तो दोष पेट्रोलचा, गॅसच्या फिल्टरचा, प्लगचा किंवा एअर फिल्टरचा. धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर भरायला वेळ लागत नाही.

दुसरा घोळ गिअरचा. हँडलवर मूठ फिरवून गिअर बदलणाऱ्या रिक्षांमध्ये गिअरच्या दोन केबली असतात. त्यांतली एक ढिली झाली की गिअर अर्धवट बसतो आणि धक्का बसला की सुटतो. त्यावेळी रेस एकदम मोकळी होते, ओढ पूर्ण जाते, आणि मूठ जरा हलवली की परत येते. क्लच असा टप्पकन जात नाही. तो हळूहळू सरकतो, आणि रेस कमी केली की परत पकडतो.

तिसरं: ब्रेक चिकटलेत का पाहा. पाच-सात किलोमीटर चालवून थांबा आणि तिन्ही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. एखादा बाकीच्यांपेक्षा खूप तापला असेल तर गाडीला तोच मागे ओढतोय, आणि क्लच बिचारा त्याच्यापायी जळतोय. अशा गाडीत प्लेटा कितीही वेळा बदला, टिकणार नाहीत.

चौथं: गाडी जागची हलत नाही आणि मागच्या एका बाजूचा शाफ्ट नुसता फिरतोय, सोबत कटकट आवाज. अशा वेळी त्या बाजूच्या शाफ्टचे दाते गेलेले असतात. डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत फिरकी वाटणारा भाग) सगळी फिरकी मोकळ्या बाजूला देतो, म्हणून दुसरं चाकही ढिम्म राहतं. हे काम गॅरेजचं.

आता क्लचची खरी परीक्षा. इंजिन गरम असू द्या, रस्ता सपाट आणि मोकळा. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी २०च्या आसपास चालवा आणि रेस एकदम पूर्ण द्या. क्लच धड असेल तर आवाज आणि वेग जोडीने चढतात. घसरत असेल तर आवाज आधी उडी मारतो, वेग मागून रेंगाळत येतो. रिक्षात इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा बहुधा नसतो, पण कान पुरेसा आहे.

दुसरी परीक्षा उभ्या गाडीची. समोर माणूस नको. हँडब्रेक लावा, पायाचा ब्रेक दाबून धरा, वरचा गिअर टाका, रेस थोडीशीच ठेवून क्लच सावकाश सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. क्लच पूर्ण सुटला तरी इंजिन चालूच राहिलं तर घसरण बरीच पुढे गेली आहे. ही परीक्षा एकदाच करा. पुन्हा पुन्हा करून बघणं म्हणजे उरलेल्या प्लेटा आपल्या हाताने जाळणं.

घसरण कधी होते, यावरून बरंच कळतं

पाना हातात घेण्याआधी ड्रायव्हरला हे विचारा, किंवा स्वतः लक्ष द्या.

फक्त हँडल एका बाजूला वळवल्यावर घसरतो: केबल. खड्ड्यांतून, धक्के बसताना घसरतो आणि डांबरीवर सुधारतो: केबलचा मार्ग किंवा इंजिनाच्या माउंटिंगचे रबर. ऑइल बदलल्यापासून सुरू झालं: ऑइलच. ओढा किंवा पाणी साचलेला रस्ता पार केल्यावर सुरू झालं: ऑइलमध्ये पाणी. थंड असताना ठीक, तासाभराने घसरतो: प्लेटा दाबून धरणाऱ्या स्प्रिंगांचा जोर गेलाय, प्लेटा पातळ झाल्यात, किंवा लिव्हरला प्ले (केबल ताणण्याआधीची मोकळी हालचाल) इतका कमी आहे की इंजिन तापल्यावर तो उरतच नाही. थंड, गरम, रिकामी, भरलेली, सगळ्या वेळी घसरतो: प्लेटा संपल्या.

प्लेटा नव्या टाकून महिना-दोन महिन्यांत पुन्हा तेच, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. तिथे प्लेटा हा आजार नसतो, त्या आजाराला बळी पडलेल्या असतात. कारण बाहेर कुठेतरी तसंच राहिलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा लिव्हर ते इंजिनवरची क्लच-आर्म (केबल जिला ओढते ती दांडी) या पट्ट्यात सापडतं. म्हणून खालचा क्रम सोडू नका. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसा लागत नाही.

१. हात आणि सवय (खर्च शून्य)

रिक्षात डाव्या मुठीत गिअर आणि क्लच दोन्ही असतात, त्यामुळे बोटं लिव्हरवर ठेवून चालवायची सवय लागते. लिव्हर पाव इंच दाबली गेली तरी स्प्रिंगांचा दाब काही प्रमाणात हटतो. भार असेल तर तेवढ्यात प्लेटा सरकतात.

चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरणं हा दुसरा घात. चारचाकीवाल्याला एक वेळ सबब आहे, त्याचा उजवा पाय ब्रेक आणि अ‍ॅक्सिलेटर दोन्हीकडे लागतो. रिक्षात रेस हातात आहे, पाय मोकळा आहे. चढावर पायाचा ब्रेक धरा, रेस द्या, क्लच पकडू लागला की ब्रेक सोडा. एवढं केलं तरी प्लेटांचं आयुष्य दिसेल इतकं वाढतं.

भाराचंही तेच. परवान्यावर तीन सवाऱ्या आणि गाडीत सहा-सात असतील, त्यात चाकोरी चिखलाची, तर क्लच त्या हिशोबाने बनलेलाच नाही. चिखलात रुतल्यावर क्लच पुढे-मागे झटकून गाडी बाहेर काढायचा प्रयत्न करू नका. सवाऱ्या उतरवा, चाकाखाली फांद्या किंवा पाचट घाला, पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून मंद रेसवर काढा.

२. लिव्हरचा प्ले (खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं)

लिव्हर सैल सोडा आणि बोटाने हलकेच ओढा. केबल ताणली जाण्याआधी लिव्हर आणि तिच्या ब्रॅकेटमध्ये २ ते ३ मिमी फट पडली पाहिजे. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो खरा.

हा प्ले का लागतो? प्लेटा झिजल्या की त्यांची चळत पातळ होते, प्रेशर प्लेट (चळत दाबून धरणारी प्लेट) आत सरकते आणि आर्मला केबलच्या उलट बाजूने ढकलते. म्हणजे प्लेटा झिजतात तसा लिव्हरचा प्ले कमी होत जातो. तो शून्यावर आला की केबल क्लचला कायम थोडी उघडी धरून ठेवते. मग घसरण, घसरणीने उष्णता, उष्णतेने आणखी झीज. चक्र एकदा सुरू झालं की आठवडाभरातही प्लेटा जाऊ शकतात. पुष्कळ जणांना उलटंच वाटतं: क्लच घसरतोय म्हणजे केबल ढिली झाली, घट्ट करू. घट्ट केली की उरलासुरला प्लेही जातो. केबल ढिली असेल तर गिअर कडक पडतो, क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते. त्याला घसरण म्हणत नाहीत.

प्ले एकाच जागी बघून थांबू नका. या गाड्यांत मूठ पहिल्यापासून चौथ्यापर्यंत फिरते तेव्हा क्लचची लिव्हरही सोबत फिरते आणि तिच्याबरोबर केबल वळते. म्हणून प्रत्येक गिअरमध्ये प्ले बघा, मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा बघा. सरळ हँडलला ३ मिमी आणि उजवीकडे वळवल्यावर शून्य, असं निघालं तर केबल कुठेतरी अडकून ताणली जातेय. त्यानंतर मागच्या सीटवर दोन माणसं बसवून पुन्हा एकदा बघा.

३. केबल सेट करणं आणि दोष आत की बाहेर ते ठरवणं

गाडीचं मागचं, इंजिनावरचं झाकण उघडा. गाडी गॅसची असेल तर आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि गॅसच्या पाइपला धक्का लागेल असं काही करू नका. इंजिन थंड असू द्या, सायलेन्सर तिथेच असतो.

इंजिनच्या टोकाला केबलचा अ‍ॅडजस्टर आणि त्याला जागी धरून ठेवणारं चेकनट असतं. बहुधा दहाचा पाना लागतो. चेकनट ढिलं करा, अ‍ॅडजस्टर केबल सैल होईल त्या दिशेने फिरवा, वर लिव्हरचा प्ले बघा, २ ते ३ मिमी आला की चेकनट आवळा. आवळताना अ‍ॅडजस्टर सोबत फिरू देऊ नका, दुसऱ्या पान्याने किंवा पक्कडीने धरा. झाल्यावर प्ले पुन्हा मोजा. चेकनट आवळतानाच अर्धा मिमी खाल्ला जातो.

अ‍ॅडजस्टरचे आटे सैल होण्याच्या बाजूला संपले आणि तरीही प्ले येत नाही? मग केबलशी खेळत बसू नका. केबल योग्य असेल तर याचा अर्थ प्लेटा झिजून गेल्यात.

आता या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची चाचणी. अ‍ॅडजस्टर आणखी ढिला करून प्ले मुद्दाम ८ ते १० मिमी ठेवा आणि मोकळ्या रस्त्यावर मघाची तिसऱ्या गिअरची परीक्षा घ्या. गिअर कडक पडतील, तेवढ्यापुरतं चालवून घ्या. इतक्या ढिल्या केबलने क्लच उघडा राहूच शकत नाही. घसरण थांबली तर दोष केबलीत, प्लेमध्ये किंवा आर्ममध्ये आहे, इंजिन उघडायची गरज नाही. घसरण तशीच राहिली तर दोष ऑइलमध्ये किंवा आत आहे. चाचणी झाली की प्ले परत २–३ मिमीवर आणा. तसाच सोडला तर गिअर खरडतील.

४. केबल, तिचा मार्ग, आर्म आणि माउंटिंग (केबल काही शेकड्यांत येते)

रिक्षाची क्लच केबल हँडलपासून तळाखालून थेट मागच्या इंजिनापर्यंत जाते. वाट लांब आणि बरीचशी उघड्यावर. उसाच्या फडातले बुडखे, खडी, ओढ्यातले दगड तिला खालून घासतात. क्लिप तुटली की केबल लोंबते, आणि लोंबलेली केबल कधी सायलेन्सरवर टेकते. वरचं प्लास्टिक वितळून आतली तार चिकटली की लिव्हर सोडल्यावरही तार पूर्ण परतत नाही. क्लच अर्धा उघडाच राहतो.

तपासायला केबल आर्मपासून सोडवा. तार हाताने पुढे-मागे ओढा. ती अडखळता कामा नये. टोकाजवळ तारेचे धागे तुटले असतील, बाहेरच्या आवरणाला मोड आली असेल, आवरणाची टोपी ब्रॅकेटमध्ये नीट बसत नसेल तर केबल बदला. पावसाळ्याआधी आवरणात इंजिन ऑइलचे थेंब सोडून खालच्या टोकातून बाहेर येईपर्यंत मुरवायचे, तो उपाय चांगल्या केबलचा. गंजलेल्या केबलला तेल पाजून चार दिवस काढता येतात, जास्त नाही. नवी केबल जुनीच्याच मार्गाने घाला, तेवढ्याच क्लिपा लावा, आणि मूळ लांबीचीच घ्या. आखूड केबल हँडल वळवलं की ताणते.

केबल सुटलेली असतानाच आर्म हाताने हलवा. सुरुवातीला थोडी मोकळी हालली पाहिजे, मग स्प्रिंगांचा जोर लागला पाहिजे, आणि सोडल्यावर ती आपसूक परत आली पाहिजे. परत येत नसेल तर तिच्या शाफ्टपाशी चिखल आणि गंज बसलाय, किंवा परतवणारी छोटी स्प्रिंग तुटली आहे. घासून, तेल सोडून मोकळी होत असेल तर काम इथेच संपतं.

माउंटिंग मात्र कोणी बघत नाही. इंजिन रबरांवर टांगलेलं असतं. रबर फाटलं की जोर लावताना इंजिन मागे झुकतं आणि केबल आपोआप ओढली जाते, म्हणजे नेमक्या चढावर, नेमक्या भाराला, कोणी लिव्हर न दाबता क्लच उघडतो. सपाटीवर प्ले मोजला तर तो अगदी बरोबर निघतो! इंजिन बंद ठेवा, लाकडी दांडा लावून इंजिन हलकेच उचला आणि एका डोळ्याने केबलचं टोक बघा. इंजिन हललं की आर्मही हलत असेल तर रबर बदला. फाटलेल्या रबरावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठोकून भागवलेलं असतं, तेही रबर गेलेलंच धरा.

५. ऑइल

आधी आपल्या गाडीत क्लच कुठल्या तेलात बुडतो ते बघा. चार स्ट्रोकच्या पुष्कळ गाड्यांत इंजिनचंच ऑइल क्लचला लागतं. जुन्या दोन स्ट्रोक रिक्षांत इंजिनचं तेल पेट्रोलबरोबर जळून जातं आणि क्लच गिअरबॉक्सच्या तेलात असतो. तिथे पेट्रोलमधलं तेल बदलून क्लचला काही फरक पडणार नाही.

मग पातळी. गाडी तिन्ही चाकांवर सपाट उभी करा. एक चाक उंचवट्यावर असलं की पातळी चुकीची दिसते. इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा, मग तेल मोजायची दांडी किंवा लेव्हल बोल्ट बघा. तेल कमी असेल तर प्लेटांची उष्णता निघत नाही.

पातळीपेक्षा प्रकार महत्त्वाचा. डब्यावर जासोचा शिक्का शोधा: एमए, एमए१ किंवा एमए२ हवा. ही जपानी वर्गवारी तेलात बुडालेल्या क्लचचं घर्षण मोजूनच ठरवलेली आहे. एमबी लिहिलेलं तेल गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असतं, मुद्दाम कमी घर्षणाचं. ते या क्लचला नको. मोटारीच्या काही तेलांच्या डब्यावर एपीआयचं (अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचं) गोल चिन्ह असतं आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात ऊर्जा किंवा संसाधन वाचवणारं अशा अर्थाचे इंग्रजी शब्द असतात. त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं मिसळलेली असू शकतात. मोटारीत ती फायद्याची, आपल्या प्लेटांवर मात्र ती बसली की पकड गेली. इंजिन गुळगुळीत चालतं म्हणून विकल्या जाणाऱ्या छोट्या बाटल्यांचंही तेच. जाडी कंपनीने सांगितलेलीच ठेवा. आपल्याकडच्या पुष्कळ रिक्षांना २०डब्ल्यू-५० सांगितलेलं असतं, पण आपल्या पुस्तकात बघूनच घ्या. सुटं, कॅनमधून मोजून मिळणारं तेल घेऊ नका. त्यात नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

चुकीचं तेल पडलं असेल तर गरम इंजिनातून पूर्ण काढा, योग्य तेल भरा, दोन-तीन दिवस हलक्या भाराने चालवा, पुन्हा काढून पुन्हा नवं भरा. पहिल्या वेळी प्लेटांच्या अस्तरात (पकड देणाऱ्या थरात) जुनं तेल मुरलेलं राहतं. यानंतर पकड परत आली तर वाचलात. नाही आली तर अस्तर चकाकून कडक झालंय.

काढलेलं तेल पांढऱ्या भांड्यात घ्या आणि उन्हात बघा. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरलंय. बारीक काळी पूड आणि करपट वास म्हणजे प्लेटांचं अस्तर. चुंबकाला चिकटणारी अगदी बारीक पूड चालते, बोटाला टोचतील असे लोखंडी कण चालत नाहीत.

६. क्लच उघडणं

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि तरीही घसरतोय, तरच क्लचचं झाकण उघडा. लागणारं सामान: नवं पॅकिंग, नव्या प्लेटांचा सेट, नव्या स्प्रिंगा, व्हर्नियर (जाडी मोजायला), फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं), काचेचा सपाट तुकडा, ऑइल.

तेल काढा, केबल सोडा, झाकणाचे बोल्ट थोडे थोडे करून उलटसुलट, म्हणजे समोरासमोरच्या क्रमाने ढिले करा. बोल्टांची लांबी वेगवेगळी असते, म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर बॉडी फुटते. झाकण निघत नसेल तर पेचकस खुपसू नका. लाकडी हातोडीने चारी बाजूंनी ठोका.

आता नीट बघा, क्लच कसा धरलाय. प्रेशर प्लेटेवर चार किंवा जास्त बोल्ट आणि त्याखाली स्प्रिंगा दिसत असतील तर पुढे जाता येतं. सगळी चळत एका मोठ्या सर्कलिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगसारख्या कड्याने), स्प्रिंगा दबलेल्या स्थितीत अडकवलेली असेल तर दाबून धरायचं खास हत्यार लागतं. ते नसेल तर इथेच थांबा. ती सर्कलिप पेचकसने उडवली की स्प्रिंग तोंडावर येते.

बोल्टवाल्या क्लचचे बोल्ट उलटसुलट, अर्धा अर्धा फेरा ढिले करा. प्लेटा काढताना क्रम आणि दिशा यांचा फोटो घ्या. अस्तराच्या प्लेटेची जाडी तीन-चार ठिकाणी मोजा आणि नव्या प्लेटेशी ताडून बघा. किती झीज चालते तो आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, पण हा खेळ मिमीच्या दशांशांचा असतो. डोळ्याला ‘अजून बरीच आहे’ वाटणारी प्लेट संपलेली असू शकते. एकेक प्लेट थोडीच झिजते, पण सगळ्यांची झीज बेरीज होऊन स्प्रिंगांना जास्त फाकायला लावते, आणि फाकलेली स्प्रिंग कमी दाबते. अस्तर चकाकत असेल, कडा जळाल्या असतील, तुकडे निघत असतील तर जाडी मोजायचीही गरज नाही.

अस्तर नसलेल्या नुसत्या लोखंडी प्लेटा काचेवर ठेवून कडेने फिलर गेज घाला. ०.१५ मिमीचं पान सहज आत जात असेल तर प्लेट वाकली. निळे डाग म्हणजे ती खूप तापून गेलीय. अशा लोखंडी प्लेटा ठेवून फक्त अस्तराच्या नव्या टाकल्या की महिन्यात परत यावं लागतं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या गाड्यांत हे फार सापडतं, कारण अस्तराचा सेट स्वस्त पडतो.

स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या करा. एकही बाकीच्यांपेक्षा आखूड दिसली तर सगळ्या बदला, एखाददुसरी नव्हे. असमान स्प्रिंगांनी प्रेशर प्लेट तिरकी दाबते. जुन्या स्प्रिंगांखाली वॉशर घालून जोर वाढवायची युक्ती सर्रास चालते. त्याने चार दिवस पकड येते, पण लिव्हर जड होते, क्लच पूर्ण उघडत नाही आणि केबल लवकर तुटते. गाडी घरी नेण्यापुरतं ठीक.

बाहेरच्या हाउसिंगच्या खाचांवरून नख फिरवा. प्लेटांच्या दातांनी तिथे खड्डे पाडले असतील तर प्लेटा त्यात अडकतात, सरळ सरकत नाहीत. उथळ खड्डे बारीक कानशीने घासता येतात. खोल असतील तर हाउसिंग बदलायचं, आणि तिथे मधलं मोठं नट उघडावं लागतं, ते गॅरेजमध्येच.

नव्या अस्तराच्या प्लेटा बसवण्याआधी, जे तेल भरणार त्याच तेलात रात्रभर बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढावर वरचा थर करपतो. क्रम फोटोप्रमाणे. बहुतेक क्लचांत पहिली आणि शेवटची प्लेट अस्तराची असते. लोखंडी प्लेटेची एक कड धारदार आणि दुसरी गोलसर असते, सगळ्यांची धार एकाच बाजूला ठेवा. स्प्रिंगांचे बोल्ट पुन्हा उलटसुलट, टप्प्याटप्प्याने आवळा. ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरे. खांब अ‍ॅल्युमिनियमचे असतात, लांब पाना लावून जोर केला की मुळापासून तुटतात. झाकण लावा, तेल भरा आणि केबल नव्याने सेट करा. जाड प्लेटा आल्यामुळे जुना प्ले लागू राहत नाही.

कुठे थांबायचं

गाडी वॉरंटीत असेल तर केबल आणि ऑइलच्या पुढे जाऊ नका. तेलात टोचणारे लोखंडी कण, क्लच दाबल्यावर खरखर, मधलं नट ढिलं किंवा हाउसिंग हाताने डुगडुगणं, झाकणाचे किंवा स्प्रिंगांच्या खांबाचे आटे गेलेले, यांपैकी काहीही दिसलं तर झाकण तसंच परत लावा आणि गाडी ओढून गॅरेजला न्या. गॅसचा पाइप किंवा त्याचा ब्रॅकेट सोडवल्याशिवाय झाकण निघत नसेल तर तेही काम गॅसच्या मिस्त्रीचं. आणि सगळं नवं टाकूनही पहिल्या आठवड्यातच घसरला तर पुन्हा प्लेटा घेऊ नका. अनुभवी मिस्त्रीला माउंटिंग, पुश रॉड आणि बेअरिंग बघायला सांगा.

घाटात अडकलात तर: हँडब्रेक, चाकाला दगड, सवाऱ्या खाली. इंजिन बंद करून अर्धा तास थंड होऊ द्या, अ‍ॅडजस्टर ढिला करून भरपूर प्ले ठेवा, आणि रिकामी गाडी पहिल्या गिअरमध्ये मंद रेसवर काढा. उतारावर मात्र अशी गाडी नेऊ नका. इंजिन धरणार नाही आणि एकट्या ब्रेकवर घाट उतरणं नको. ओढणारी गाडी बोलवा.

नव्या प्लेटांना पहिले काही दिवस सांभाळून घ्या, जड भार आणि लांब चढ टाळा. दोन-तीन दिवसांनी लिव्हरचा प्ले पुन्हा मोजा, कारण नवी केबल आणि नव्या प्लेटा दोन्ही थोड्या बसतात. काम गॅरेजमध्ये केलं असेल तर जुन्या प्लेटा आणि स्प्रिंगा मागून घ्या. लोखंडी प्लेटा त्यात नसतील तर त्या बदललेल्या नाहीत, तिथल्या तिथे विचारा.